किनाऱ्यावरची भाषा : स्वाहिली, तिचे भाषक आणि तिचे व्याकरण



 विषयाची पत्रिका हाती पडल्यावर आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मराठी मंडळाचे व्यासपीठ, आणि व्याख्यान आफ्रिकेतल्या एका भाषेवर! तेव्हा हा विषय का घेतला, ते आधी सांगतो.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या घरांमधून एक तक्रार नेहमी ऐकू येते : मुलांची मराठी भेसळीची झाली. इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी शिरली, बडोद्याला गुजराती, हैदराबादेत तेलुगू आणि दखनी, बेळगावात कानडी. मग कुणी शब्दांची यादी करतो, कुणी मुलांना टोकतो, कुणी हात टेकतो. पण परके शब्द आल्याने भाषा खरोखर किती बिघडते? भाषेचे नेमके काय टिकले म्हणजे ती टिकली म्हणायची? आपल्याच भाषेकडे पाहून या प्रश्नांचे उत्तर देताना मायेचा आणि अभिमानाचा अडथळा येतो. म्हणून आज आपण समुद्र ओलांडून एका अशा भाषेकडे जाऊ, जिने आपल्यापेक्षाही मोकळ्या हाताने परके शब्द घेतले. ती भाषा म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची स्वाहिली.

प्रथम तिचे कूळ पाहू. आफ्रिकेच्या नकाशावर कॅमेरूनपासून केनियापर्यंत एक रेघ ओढली, तर तिच्या दक्षिणेकडच्या बहुतेक प्रदेशात ज्या भाषा बोलल्या जातात, त्यांतील बहुसंख्य भाषा एकाच कुळातल्या आहेत. या कुळाला बांतू म्हणतात. झुलू, शोना, गिकुयू, गांडा, लिंगाला अशा सुमारे ५०० भाषा या कुळात मोजल्या जातात. आजच्या कॅमेरून-नायजेरिया सीमेच्या परिसरातून चार-पाच हजार वर्षांपूर्वी हे भाषक हळूहळू पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे पसरले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘बांतू’ हे नाव एकोणिसाव्या शतकात विल्हेल्म ब्लीक या जर्मन अभ्यासकाने रूढ केले. ते त्याने याच भाषांच्या पोटातून उचलले. झुलूमध्ये ‘उमुन्तू’ म्हणजे माणूस आणि ‘अबान्तू’ म्हणजे माणसे. स्वाहिलीत हेच शब्द झिजून ‘म्तू’ आणि ‘वातू’ असे झाले आहेत.

‘स्वाहिली’ हे नाव मात्र बांतू नाही, ते अरबी आहे. ‘साहिल’ म्हणजे किनारा, हे हिंदी-उर्दूच्या सहवासात वाढलेल्या आपल्या मंडळींना सांगायला नको. त्याचे अरबी अनेकवचन ‘सवाहिल’. स्वाहिली म्हणजे किनाऱ्यांवरची. सोमालियाच्या दक्षिण टोकापासून मोझांबिकच्या उत्तर भागापर्यंतच्या किनाऱ्यावर लामू, मालिंदी, मोंबासा, झांझिबार, किल्वा अशी बंदरे आहेत. पावसाळी वाऱ्यांवर अरबस्तान, इराण आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गलबते तिथे जात आणि वारा उलटला की परतत. १३३१ मध्ये इब्न बतूता मोंबासा आणि किल्वा पाहून गेला. १४९८ मध्ये वास्को द गामा मालिंदीला थांबला, आणि तिथून वाटाड्या घेऊनच तो कालिकतला पोचला. अशा किनाऱ्यावर भाषा एकलकोंडी राहणे शक्यच नव्हते.

या भाषेचा आपल्या प्रदेशाशी एक धागा आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. स्वाहिलीतील आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखन म्हणजे १७११ मध्ये किल्वा येथे अरबी लिपीत लिहिलेली काही पत्रे. ती मोझांबिकचे पोर्तुगीज आणि त्यांच्या बाजूचे स्थानिक लोक यांना पाठवलेली होती. ही मूळ पत्रे आज गोव्याच्या पुराभिलेखागारात आहेत. यात आश्चर्य नाही. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहूनच चाले, त्यामुळे तिकडचे कागद गोव्याकडे येत. आफ्रिकेतल्या एका मोठ्या भाषेचे सर्वांत जुने अक्षर आपल्या कोकणपट्टीवर जपलेले आहे, ही गोष्ट गोव्यातील मंडळींनी तरी अभिमानाने सांगावी अशी आहे.

याच समुद्रमार्गाची दुसरी बाजू दुःखाची आहे. आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून आणली गेली आणि त्यांतील काहींचे वंशज सिद्दी म्हणून आपल्या आसपास राहतात. उत्तर कन्नड आणि बेळगाव जिल्ह्यांच्या जंगलपट्टीतील अनेक सिद्दी कुटुंबे आज कोकणी, मराठी किंवा कानडी बोलतात. त्यांच्या पूर्वजांची भाषा मागेच राहिली. गुजरातमधील सिद्दींच्या नृत्याला ‘गोमा’ म्हणतात. स्वाहिलीत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल, आणि ढोलावरचे नृत्यही. एका तुटलेल्या भाषेतून एवढा एक शब्द ढोलाबरोबर तगून राहिला.

आता स्वाहिलीच्या शब्दसंग्रहात डोकावू. तिथे गेल्यावर आपण परदेशात आहोत असे वाटेनासे होते. बातमीला ‘हाबारी’, म्हणजे आपली खबर. जगाला ‘दुनिया’. लेखणीला ‘कालामू’, हिशेबाला ‘हेसाबू’, वेळेला ‘वाकाती’, साबणाला ‘साबुनी’. प्रवासाला ‘सफारी’. हा शब्द इंग्रजांनी तिथूनच उचलला आणि जगभर नेला, पण तो आपल्या ‘सफर’चाच भाऊ. बंदराला ‘बंदारी’, सरकारला ‘सेरिकाली’, दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’, चहाला ‘चाई’, आणि चपातीला चपातीच. यांतले काही शब्द अरबीतून गेले, काही फारसीतून, काही थेट हिंदी-गुजरातीतून. आपल्याकडेही ते कमी-अधिक त्याच वाटांनी आले, म्हणून ही ओळख पटते.

पोर्तुगीजांनीही काही शब्द मागे ठेवले. टेबलाला ‘मेझा’, निशाणाला ‘बेंदेरा’. एका शब्दाची कथा तर गोव्याच्या माणसाने ऐकलीच पाहिजे. पोर्तुगीज ‘इग्रेजा’ म्हणजे चर्च, त्यावरून गोव्यात ‘इगर्ज’ झाले. स्वाहिलीत त्याच शब्दाचे ‘गेरेझा’ झाले आणि त्याचा अर्थ आहे तुरुंग! मोंबासाचा फोर्ट जीझस हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९३ ते १५९६ या काळात बांधला. किल्ल्यात चर्च होते. पुढे इंग्रजांच्या काळात त्याच किल्ल्याचा तुरुंग झाला. देवळाच्या शब्दाचा प्रवास गजांपर्यंत कसा झाला असेल, याची कल्पना यावरून येते.

एवढी उसनवारी पाहून पूर्वी अनेकांनी ठरवून टाकले होते की स्वाहिली ही अरबी आणि आफ्रिकी भाषांची खिचडी आहे. किनाऱ्यावरील काही प्रतिष्ठित घराणीही आपले मूळ अरबस्तानात किंवा इराणच्या शिराझमध्ये सांगत, त्यामुळे या समजाला बळच मिळाले. ही समजूत टिकली नाही. डेरेक नर्स आणि थॉमस स्पिअर यांचे स्वाहिलींविषयीचे पुस्तक १९८५ मध्ये आले. भाषेचा आणि उत्खननांचा पुरावा एकत्र ठेवून त्यांनी दाखवले की ही भाषा आणि हा समाज मुळात आफ्रिकेच्याच मातीतला आहे. केनियाच्या किनाऱ्यालगतच्या गिर्यामा आणि पोकोमो, तसेच कोमोरो बेटांवरच्या भाषा या तिच्या सख्ख्या बहिणी. शब्द इतके परके, तरी नाते इतके स्पष्ट कसे? याचे उत्तर व्याकरणात आहे, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे.

मराठीत नामांचे तीन गट आहेत. त्यांना आपण लिंगे म्हणतो. तो दगड, ती वही, ते पुस्तक. दगडाला पुरुष आणि वहीला स्त्री का म्हणायचे, याला उत्तर नाही. ही वाक्यातली जुळणी सांभाळण्याची सोय आहे. ‘मोठा दगड पडला’, ‘मोठी वही पडली’, ‘मोठे पुस्तक पडले’. नाम कोणत्या गटातले, हे विशेषण आणि क्रियापद आपल्या शेवटच्या अक्षराने सांगतात.

बांतू भाषांनी हीच सोय फार दूरवर नेली आहे. स्वाहिलीत एकवचनाचे आणि अनेकवचनाचे गट वेगवेगळे मोजले तर ते पंधराच्या आसपास भरतात. आणि त्यांत स्त्री-पुरुष हा भेदच नाही. ‘तो’ आणि ‘ती’ दोघांनाही ‘येये’. माणसांचा एक गट, झाडांचा एक, फळांचा आणि काही अवयवांचा एक, वस्तूंचा एक, भावांचा आणि अवस्थांचा एक, असे स्थूलमानाने म्हणता येते. आपल्या लिंगांप्रमाणेच प्रत्येक गटात अपवाद आहेतच. आणि खूण शब्दाच्या शेवटी नसते, ती आरंभी असते.

‘-तू’ हा धातू घ्या. ‘म्तू’ म्हणजे माणूस, ‘वातू’ माणसे. आरंभीची खूण बदलली की ‘कितू’ म्हणजे वस्तू आणि ‘वितू’ वस्तू, अनेकवचनी. ‘जितू’ म्हणजे राक्षसी देहाचा माणूस. ‘उतू’ म्हणजे माणुसकी. झुलूतील ‘उबुन्तू’ हा शब्द अलीकडे जगभर ऐकू येतो, त्याची ही स्वाहिली बहीण. आपण ‘बाळ’चे ‘बालपण’ करतो, ते ‘म्तोतो’चे ‘उतोतो’ करतात. ‘कि’ ही खूण भाषेलाही लागते. म्हणून ते आपल्या भाषेला ‘किस्वाहिली’ म्हणतात, इंग्रजीला ‘किइंगेरेझा’ आणि हिंदीला ‘किहिंदी’. हिंदी माणूस ‘म्हिंदी’, हिंदी माणसे ‘वाहिंदी’.

आता पूर्ण वाक्य पाहू. ‘एक मोठे मूल पडले’ हे होते ‘म्तोतो म्कुब्वा म्मोजा आमेआंगुका’. ‘तीन मोठी मुले पडली’ हे होते ‘वातोतो वाकुब्वा वातातू वामेआंगुका’. कानाला ऐकू येते का? वा, वा, वा, वा. नाम, विशेषण, संख्या आणि क्रियापद, चौघांच्या डोक्यावर एकच टोपी. पडणारी वस्तू बदलली की टोप्या बदलतात.

आणि आता ज्या शब्दासाठी मी हे सारे सांगितले तो शब्द. अरबी ‘किताब’ स्वाहिलीत गेला. अरबीत क-त-ब ही त्याची मूळ अक्षरे, त्यात ‘कि’ ही काही वेगळी खूण नाही. पण स्वाहिली कानाला पहिलेच अक्षर ‘कि’ ऐकू आले आणि त्याने ठरवले की हा वस्तूंच्या गटातला आपलाच शब्द. म्हणून एक ‘किताबू’ आणि अनेक ‘विताबू’! ‘एक मोठे पुस्तक पडले’ : ‘किताबू किकुब्वा किमोजा किमेआंगुका’. ‘तीन मोठी पुस्तके पडली’ : ‘विताबू विकुब्वा वितातू विमेआंगुका’. शब्द अरबस्तानचा, पण त्याच्यामागे चालणारी सारी वरात बांतू.

हे एकदाच घडलेले नाही. अरबी ‘मुअल्लिम’ म्हणजे शिक्षक. त्यातला ‘मु’ माणसांच्या गटातला वाटला, म्हणून एक ‘म्वालिमू’ आणि अनेक ‘वालिमू’. ‘सवाल’चे ‘स्वाली’, अनेकवचन ‘मास्वाली’. ‘जबाब’चे ‘जिबू’, अनेकवचन ‘माजिबू’. रस्त्यावरच्या वाहतूक-वर्तुळावर इंग्रजीत ‘कीप लेफ्ट’ अशी पाटी असे. त्या पाटीवरून अशा वर्तुळालाच ‘किपिलेफ्टी’ म्हणू लागले, आणि अशी वर्तुळे अनेक असली की ‘विपिलेफ्टी’. इंग्रजाने आपला शब्द ओळखलाही नसता.

क्रियापदातही तेच. स्वाहिली क्रियापद म्हणजे एक लहानसे वाक्यच असते. ‘पिका’ म्हणजे शिजवणे. ‘नि-ता-कु-पिकि-आ’ : मी, भविष्यकाळ, तुला, कुणासाठी तरी शिजवणे. अर्थात ‘मी तुझ्यासाठी स्वयंपाक करीन’. सुरुवातीचा ‘नि’ काढून ‘सि’ ठेवला की ‘करणार नाही’. ‘पेंदा’ म्हणजे प्रेम करणे, ‘पेंदाना’ म्हणजे एकमेकांवर प्रेम करणे. आपण ‘करणे’चे ‘करवणे’ आणि ‘बसणे’चे ‘बसवणे’ करतो, तशी ही रचना. या गिरणीत परका धातू पडला तरी पीठ घरचेच निघते. ‘सफर’पासून ‘सफिरी’, प्रवास करणे, आणि त्यापासून ‘सफिरिशा’, म्हणजे माल एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे. हे शेवटचे रूप अरबाच्या कल्पनेतले नाही.

मात्र चित्र अगदीच एकरंगी रंगवू नये. स्वाहिलीतील सहा, सात आणि नऊ हे आकडे अरबीतून आलेले आहेत : ‘सिता’, ‘साबा’, ‘तिसा’. एक ते पाच आणि आठ हे बांतू आकडे गटाची टोपी घालतात, हे अरबी आकडे बोडक्या डोक्यानेच उभे राहतात. तीन पुस्तके ‘विताबू वितातू’, पण सहा पुस्तके नुसती ‘विताबू सिता’. ‘साफी’ म्हणजे स्वच्छ, यासारखी अरबी विशेषणेही बदलत नाहीत. आपल्याकडे ‘मोठा, मोठी, मोठे’ होते, पण ‘साफ’ शब्द साफच राहतो, तसेच. म्हणजे उसने शब्द आले की जुळणीला कुठेकुठे सैल सोडावेच लागते. पण मुख्य सांगाडा हलला नाही.

मराठीने याहून वेगळे काय केले? शिवाजीमहाराजांच्या दरबारात फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला, ही अभिमानाची गोष्ट. तरीही सरकार, दरबार, जमीन, हिशेब, अर्ज हे शब्द आपल्या तोंडात राहिलेच. राहिले ते मराठी होऊन : जमिनीवर, हिशेबाला, अर्जाचे. इंग्रजी ‘बस’ आपल्याकडे ‘ती’ झाली, ‘फोन’ ‘तो’ झाला, ‘टेबल’ ‘ते’ झाले. इंग्रजीत यांना लिंगच नाही, ते आपण दिले. ‘किताबू-विताबू’ आणि ‘टेबल-टेबले’ हा एकाच जातीचा व्यवहार आहे.

याच्या उलटही घडू शकते, आणि त्याचे प्रसिद्ध उदाहरण आपल्या सीमेवरचेच आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे कानडी, मराठी आणि उर्दू शतकानुशतके एकाच गल्लीत नांदल्या. घराघरांतले शब्द वेगळे राहिले, त्यावरून कोण कुठल्या समाजाचा ते कळे. पण वाक्यांची घडण इतकी सारखी होत गेली की एका भाषेतील वाक्याच्या जागी शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेतले वाक्य तयार व्हावे. म्हणजे व्याकरण अभेद्य असते असा काही निसर्गनियम नाही. स्वाहिलीने शब्द दिले-घेतले आणि जुळणी राखली. कुपवाडकरांनी शब्द राखले आणि जुळणी वाटून घेतली. कशावर पहारा ठेवायचा, हे बोलणारा समाजच ठरवत असतो, बहुधा नकळत.

आता भाषकांकडे वळू. एकोणिसाव्या शतकात ओमानच्या सुलतानाने झांझिबारला राजधानी केली. हस्तिदंत आणि गुलाम यांच्या व्यापाराचे तांडे तिथून आत काँगोपर्यंत जात, आणि त्यांच्याबरोबर स्वाहिलीही गेली. तिच्या प्रसाराचा हा आरंभ सुखाचा नव्हता, हे विसरू नये. मग मिशनरी आले. क्राप्फ यांनी मोंबासात, स्टीअर यांनी झांझिबारात व्याकरणे आणि कोश रचले. जर्मनांनी आणि इंग्रजांनी तिच्यात कारभार केला. १९२८ मध्ये मोंबासाच्या परिषदेत झांझिबारची ‘किउंगुजा’ ही बोली प्रमाण ठरली. मोंबासाची ‘किम्विता’ मागे पडली. मुयाका बिन हाजीसारख्या मोठ्या कवीची ही बोली. कवितेची दीर्घ परंपरा तिच्याकडे असताना दुसऱ्या गावची बोली पाठ्यपुस्तकात गेली, याची खंत मोंबासाच्या जुन्या घराण्यांना वाटत राहिली. आपली बोली घरी वापरायची आणि शाळेत दुसऱ्या गावची ‘शुद्ध’ भाषा शिकायची, हा अनुभव या सभागृहात कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

पण पुढे जे झाले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. टांगानिका १९६१ मध्ये स्वतंत्र झाला. देशात शंभराहून अधिक भाषा, आणि कोणतीही एक भाषा बहुसंख्यांची नाही. ज्युलियस न्येरेरे यांनी स्वाहिलीला राष्ट्रभाषेचे स्थान दिले. त्यांची स्वतःची मातृभाषा स्वाहिली नव्हती. झनाकी नावाच्या एका लहान समाजात ते जन्मले. लोक त्यांना आदराने ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी म्हणत. राष्ट्राध्यक्षपदाच्या व्यापात त्यांनी शेक्सपिअरची दोन नाटके स्वाहिलीत आणली : ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’. दुसऱ्याचे नाव त्यांनी ठेवले ‘माबेपारी वा वेनिसी’. ‘बेपारी’ हा शब्द आपल्या व्यापाऱ्याचाच, गुजराती पेढ्यांबरोबर गेलेला. त्याला बांतू अनेकवचनाची ‘मा’ लागली. हिंदुस्थानचा शब्द, बांतूची खूण, इंग्रजाचे नाटक, आणि कर्ता ज्याची ही दुसरी भाषा! आणि तिथल्या वाचकाला त्यात परके काही वाटले नाही.

आज युनेस्कोच्या हिशेबाने स्वाहिली बोलणारे २० कोटींहून अधिक आहेत. त्यांतील बहुसंख्यांची ती मातृभाषा नाही. त्यांनी ती शाळेत, बाजारात, रेडिओवर शिकून आपली केली. याची किंमतही आहे. टांझानियातील लहान भाषा तिच्या सावलीत आक्रसत चालल्या आहेत, आणि उच्च शिक्षणात तिची स्वतःची जागा अजून इंग्रजीने अडवलेली आहे. शिवाय शिकून बोलणाऱ्यांच्या तोंडी जुळणी सैल होते. ‘माझे पुस्तक’ याला शुद्ध स्वाहिलीत ‘किताबू चांगू’ म्हणतात. नैरोबीच्या रस्त्यावर अनेकदा ‘किताबू यांगू’ ऐकू येते. किनाऱ्यावरची माणसे त्याला हसतात. हसतात, पण त्याच्याशी स्वाहिलीतच बोलतात.

श्रोतेहो, मला जे सांगायचे होते ते या ‘किताबू यांगू’पाशी येऊन थांबते. कारण हाच प्रयोग आपल्या घरातही होतो. हिंदीत ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी आहे आणि ‘पानी’ पुल्लिंगी. इंदुरात किंवा ग्वाल्हेरला वाढलेले मूल सहज म्हणून जाते, ‘माझी पुस्तक पडली’, ‘पाणी गरम झाला’. यात परका वाटावा असा एकही शब्द नाही. शुद्ध शब्दांच्या यादीत हे वाक्य उत्तीर्ण होईल. पण मराठीचे तिसरे लिंग इथे हळूच निसटते. उलट ‘माझं चार्जर टेबलावर राहिलंय’ या वाक्यात दोन इंग्रजी शब्द आहेत आणि वाक्य अंगोपांगी मराठी आहे. आपण टोकतो ते दुसऱ्या वाक्याला. पहिले वाक्य कानावरून निघून जाते. स्वाहिलीकडून घ्यायचा पहिला धडा हा, की पहारा कुठे ठेवायचा ते नीट ठरवावे.

दुसरा धडा अधिक अवघड आहे. आपल्या अनेक घरांत आता सून हिंदीभाषक असते, जावई गुजराती किंवा तेलुगू असतो. ती मुलगी हौसेने मराठी बोलायला लागते, आणि बोलता बोलता म्हणते, ‘आई, माझी पुस्तक कुठे ठेवली?’ घरात हशा पिकतो. हशा प्रेमाचाच असतो. पण त्यानंतर सासूबाई तिच्याशी हिंदीत बोलू लागतात. तिला सोपे जावे म्हणून. दुसऱ्या वर्षी ती मराठीत बोलणे सोडते, आणि तिची मुले आजीशी हिंदीत बोलतात. त्या घरातली मराठी सुनेच्या चुकीमुळे संपली असे कुणी म्हणू नये. तिला उत्तर हिंदीत मिळाले, तिथे ती संपू लागली. स्वाहिली ज्यांनी मोठी केली, त्यांतले बहुतेक असेच ‘किताबू यांगू’ म्हणणारे होते. त्यांच्याशी कुणी बोलणे थांबवले नाही, म्हणून त्यांतले कित्येक पुढे ‘किताबू चांगू’पर्यंत पोचले आणि त्यांच्या मुलांना ती भाषा घरची झाली.

तेव्हा मंडळाने व्याकरणाचे वर्ग काढावेत, मुलांसाठी लिंग-वचनांचे खेळ घ्यावेत, हे सारे करावेच. पण घरी सून ‘माझी पुस्तक’ म्हणाली, तर हसू आवरून एवढेच म्हणावे, ‘तुझं पुस्तक ना? ते बघ, टेबलावर आहे.’ आणि पुढचे बोलणेही मराठीतच चालू ठेवावे. याला ना निधी लागतो, ना सभागृह. आज संध्याकाळी घरी गेल्यावर सुरू करता येईल.